कानातल्या काड्या

९ जून २०२५

ही डायरी बँकेने जानेवारीत दिली होती. पाच महिने ती कपाटात जुन्या पंचांगांखाली पडून होती. आज उघडली, कारण आज मला राग आला आहे आणि तो लिहून ठेवला नाही तर मी सुनेवर काढते.

शेंबगम आली होती. मासेवाली, केरळातल्या नव्हे, इथल्या तमिळ किनाऱ्यावरच्या कोवलमची. तीस वर्षं ती डोक्यावर टोपली घेऊन शहरात गिंडीला आमच्या दाराशी यायची. सहा वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि टोपली सुटली, तरी महिन्यातून एकदा दोन बस बदलून येते, मूठभर सुकी नेत्तिली, म्हणजे बारीक मासळी, पदराला बांधून. पैसे घेत नाही. मागच्या पायरीवर बसून कॉफी पिते आणि जाते. तिचा पेला मी वेगळा ठेवला आहे, म्हणजे दर वेळी शोधावा लागत नाही.

आज नेत्तिली नव्हती. निराधार म्हाताऱ्यांना सरकार महिन्याला जे पेन्शन देतं, ते तिला तीन महिने मिळालेलं नाही. बँकेचा माणूस यंत्र घेऊन गल्लीत येतो, त्यावर बोट टेकवलं की पैसे हातात. या खेपेला तो म्हणाला, "पाटी, तुझं नाव यादीत नाही." आजीबाईला इथे पाटी म्हणतात, म्हणजे बोलला तरी गोड. तिच्या एकट्या वस्तीतून एक्केचाळीस जणींची नावं गळली आहेत. खर्च आवरायचा, खऱ्या गरजूंनाच द्यायचं, असा वरून हुकूम आहे म्हणे. शेंबगम पंच्याहत्तरची. नवरा समुद्राने नेला. एकुलता मुलगा सेल्वम अकरा वर्षांपूर्वी केरळकडच्या बोटीवर कामाला गेला, तो परत आला नाही. ही गरजू नाही तर कोण, मी? माझं पेन्शन एक तारखेला बिनबोभाट येतं.

"वेणीम्मा, तू कचेरीत होतीस ना," ती म्हणाली. "एक कागद लिहून दे."

कागद! एकतीस वर्षं मी सरकारी कचेरीत कागदच लिहिले. माझ्या मसुद्यात साहेबांनी कधी स्वल्पविराम बदलला नाही. एकीचा कशाला, एक्केचाळीस जणींचा लिहिते म्हटलं. ती हसली. समोरचे दोन दात नाहीत.

११ जून

मसुदा झाला. चार पानं. वरच्या मजल्यावरच्या दिनकरला दाखवला. हा सांगलीचा, आमच्यासारखा तंजावरकडचा मराठी नव्हे, इथल्या कारखान्यांच्या इस्टेटमध्ये त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, भाडं वेळेवर देतो आणि माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकण्याचा त्याला नाद आहे. रस्त्यातला खड्डा दिसला की हा अर्ज टाकतो.

"काकू, चार पानं कोण वाचणार? एक पान करा."

"कां रे, तू मला शिकवितोस? अर्ज म्हटलें म्हणजे त्याला भारदस्तपण होणें."

"तुमचं लिहिणं पुस्तकातलं आणि बोलणं म्युझियममधलं," तो म्हणाला. द्वाड आहे. पण कोवलमच्या एक्केचाळीस जणींचे अंगठे घ्यायला येत्या रविवारी स्वतःच्या गाडीतून मला नेणार आहे. आमच्या दोघांचं मिळून एक नागरिक मंडळ झालं म्हणायचं. अध्यक्ष मी.

१६ जून

सोमवार, अर्ज घेण्याचा दिवस. सकाळी सातला रांगेत उभे राहिलो, साडेअकराला नंबर लागला. अर्ज घेणाऱ्याने चारही पानं न वाचता शिक्का मारला. दिनकरने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पण काम झालं. तीस तारखेला किनाऱ्याकडच्या कचेरीत फेरपडताळणी आहे. प्रत्येकीने स्वतः हजर राहायचं, अधिकारी एकेकीला बघून निर्णय करणार. बघू दे ना. डोळे असलेल्या माणसाला शेंबगमकडे बघितल्यावर आणखी काय पाहिजे?

२९ जून

उद्याची तयारी. शेंबगमला आज रात्री इथेच ठेवून घेतलं आहे, सकाळी दिनकरच्या गाडीतून जायचं. मागच्या खोलीत चटई दिली.

एक गोष्ट मला तीस वर्षं खुपते, ती आज निकालात काढली. शेंबगमच्या कानात झाडूच्या काड्या असतात. नवरा गेला त्या वर्षी कानातलं सोनं विकलं, भोकं बुजू नयेत म्हणून तिने काड्या घातल्या, त्या आजतागायत. इथल्या गरीब बायका घालतात. पण उघड्या कानांनी, आणि तेही काड्या खोचून, अधिकाऱ्यासमोर जायचं? आमच्या सासूबाई म्हणायच्या, दरबारांत लंकेच्या पार्वतीसारखें जाऊ नये, आपण मागतें दिसतों आणि मागत्याला कोणी देत नाही. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा तंजावरच्या वाड्यात चाकरीला होते. घरात दाणा नसेल तरी वाड्यावर जाताना त्यांचं पागोटं परीटघडीचं असे. हे आमच्या रक्तातच आहे.

माझ्या पांढऱ्या खड्यांच्या कुड्या काढल्या. लग्नातली तपकिरी कांचीपुरम काढली. शेंबगम मागे सरकली.

"नको वेणीम्मा. मी पेन्शन मागायला चालले, लग्नाला नाही."

"मागायला नाही, हक्काचं घ्यायला चाललीस. मान खाली घालायची नाही."

तिच्या कानाची भोकं ओघळून मोठी झालेली, कुडीची फिरकी आरपार जात होती. मी मागून कापसाचा बोळा लावला, मग बसली. काड्या तिने फेकू दिल्या नाहीत. कुड्यांच्या रिकाम्या डबीत जपून ठेवल्या. मी म्हटलं ठेव बाई.

आणखी एक तिला बजावून सांगितलं. आमच्यात दागिना या घरातून त्या घरात लग्नापुरता फिरतो, पण ज्याच्या अंगावर तो त्याचाच म्हणायचा. उसना म्हटलं की देणाऱ्याचाही अपमान आणि घालणाऱ्याचाही. "कोणी विचारलंच तर माझ्याच म्हण. वेणीम्माकडून मागून आणल्या असं तोंडातून काढायचं नाही. शपथ आहे."

"बरं," ती म्हणाली.

माझी सून दिव्यश्री अण्णा नगरच्या ऑफिसातून दमून आली होती, तिने मोबाईलवर फोटो काढला. सासूला ती इथल्यासारखं अत्तै म्हणते. "अत्तै, पाटी सूपर! माझ्याहून रिच दिसते!" म्हणून हसली. शेंबगमने फोटोतल्या स्वतःला बराच वेळ पाहिलं. मला तर भरून आलं. किती राजबिंडी बाई आहे ही, आणि आम्ही तिला तीस वर्षं टोपलीखालीच पाहिलं.

३० जून

आत फक्त अर्जदारांना सोडत होते. मी आणि दिनकर व्हरांड्यात. खिडकीच्या जाळीतून थोडं दिसत होतं. अधिकारी तरुण, चष्म्याचा, आवाज चढवत नव्हता. पचैअम्माळ, म्हणजे शेंबगमची शेजारीण, फाटकी साडी नेसून आली होती, केसाला तेल नाही. मला लाज वाटली. मी तिला म्हटलंही, सरकारी कचेरीत यायचं तर जरा नीट यावं.

शेंबगम आत गेली ती ताठ. अधिकाऱ्याने मान वर करून पाहिलं. खुर्चीवर बसा म्हणाला! पचैअम्माळला नव्हता म्हणाला. त्याने मोबाईलवर तिचे दोन फोटो काढले, एक समोरून आणि एक बाजूने. बाकीच्यांचा एकेकच काढला. मी दिनकरला कोपराने ढोसलं, "पाहिलास? मान म्हणतात तो हा."

दिनकर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याला भूक लागली असावी.

बाहेर आल्यावर तिला विचारलं, काय काय विचारलं?

"सगळं विचारलं."

"आणि तू?"

"तू सांगितलंस तसंच सांगितलं."

बस स्टँडवर तिने कुड्या काढून माझ्या रुमालात बांधून दिल्या. ती तिथूनच कोवलमला गेली. साडी धुऊन आणीन म्हणाली. माझी खात्री आहे, हिचं काम झालंच.

२ ऑगस्ट

नाही झालं.

एक्केचाळीसपैकी चौदा जणींची नावं परत आली. त्यात पचैअम्माळ आहे, जिच्या सुनेची टपरी का होईना स्वतःची आहे. शेंबगमच्या नावापुढे 'अपात्र'. कारण दिलेलं नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

फोनवर शेंबगम म्हणाली, "जाऊ दे वेणीम्मा." जाऊ दे? मी तिलाच रागावले. मग तास दोन तास वाईट वाटत राहिलं. ती हल्ली सकाळी एकदाच जेवते, असं पचैअम्माळ फोनवर हळूच सांगत होती.

५ ऑगस्ट

कारण सापडलं. माझं डोकं अजून गंजलेलं नाही. तिच्या रेशन कार्डावर सेल्वमचं नाव अजून आहे! कमावता मुलगा कार्डावर असताना निराधार कशी? अकरा वर्षांत तिने ते काढलं नाही. कचेरीत असं एक नाव शंभर फायली अडवतं, मी स्वतः अडवल्या आहेत.

दिनकर म्हणतो, "काकू, तर्क कशाला करायचा? माहिती अधिकारात फाईलच मागू. अधिकाऱ्याचा शेरा, फोटो, सगळं. मग बोलू."

"तें येईपर्यंत महिने जातील. तंवर ती खाईल कां?"

"दोन्ही करू. पण अपिलाला हा रंगीत फोटो कशाला जोडताय? साधा अर्ज द्या की."

दिव्यश्रीने काढलेला फोटो मी मोठा छापून आणला आहे, अपिलाच्या पहिल्याच पानाला लावणार. बघणाऱ्याला कळू दे, ही हात पसरणारी नव्हे, आयुष्यभर कष्टाचं खाल्लेली बाई आहे. दिनकर म्हणाला, बघा बुवा. त्याच्याकडच्या लोकांना या गोष्टी कळत नाहीत.

१० ऑगस्ट

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण लिहिते.

तमिळ आडी महिन्यातला रविवार. कोवलमच्या मारियम्मनच्या देवळात कूळ वाटत होते, नाचणीची आंबील, वर कांदा आणि सुकी मासळी. शेंबगम मोठ्या हंड्याशी पळी घेऊन बसली होती. दर वर्षी ती एक वाटी बाजूला काढून ठेवते, सेल्वमच्या नावाची. मग ती कुत्र्याला घालते. आजही ठेवली होती.

मी कागद काढला. 'माझा मुलगा सेल्वम अकरा वर्षांपासून बेपत्ता असून तो मयत झाला असावा असे मी समजते. त्याचे नाव कार्डावरून वगळावे.' तमिळमध्ये मीच लिहिलेला. वाचून दाखवला.

ती हंड्याकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "कार्डावर आहे तोवर तांदूळ मोजणारा दर महिन्याला नाव वाचतो. शेंबगम, सेल्वम, असं. महिन्यातून एकदा कोणी तरी त्याचं नाव मोठ्याने घेतं."

मी म्हटलं, "अगं, कागदावरून काढलं म्हणजे मनातून काढलं का?"

"वेणीम्मा, त्या दिवशी आत त्या साहेबाने कानाचं—"

"कुड्यांचं आता काय? त्या बँकेच्या लॉकरमध्ये सुखरूप आहेत. तू आधी इथे अंगठा लाव, उद्या सोमवार आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले आणि अंगठा पुढे केला. शाईचा पॅड मीच धरला होता. अंगठ्यावर आंबिलीचं पीठ होतं, पहिला ठसा नीट उठला नाही, दुसऱ्यांदा लावावा लागला.

उठताना तिने सेल्वमची वाटी परत हंड्यात ओतली. कानात नव्या काड्या होत्या, हिरव्या, ताज्या तोडलेल्या.

परतताना गाडीत दिनकर म्हणाला, "काकू, ती काही तरी सांगत होती." मी म्हटलं, "सांगेल, पळून जाते का कुठे?"

२२ सप्टेंबर

नवं कार्ड आलं, एकाच नावाचं. मी स्वतः नेऊन दिलं. शेंबगमला वाचता येत नाही. तिने विचारलं, "त्याचं नाव कुठल्या जागी होतं?" मी दाखवलं. त्या कोऱ्या जागेवरून ती बोट फिरवत राहिली.

आणि आज दुपारीच अपिलाचा निकाल. फेटाळलं. 'पूर्वीच्या पडताळणीत बदल करण्यास कारण दिसत नाही. अपिलासोबतच्या छायाचित्रावरूनही त्यास पुष्टीच मिळते.'

कशाला पुष्टी मिळते? फोटोत मुलगा आहे का? हे लोक न वाचता ठराविक वाक्यं चिकटवतात, मला माहीत आहे, मीही चिकटवली आहेत. मी दुसरं अपील लिहायला घेतलं आहे. माहिती अधिकाराच्या अर्जालाही उत्तर नाही. दिनकरने त्याचंही अपील टाकलं.

आज संताजीरावांची आठवण फार झाली. माझे यजमान माणूस शांत. ते म्हणायचे, वेणी, तूं चुकत नाहींस हें खरें, पण चुकलीस तर तुला सांगणार कोण?

१४ ऑक्टोबर

सकाळी दारात हाक आली, "मीऽन!" सहा वर्षांनी तीच मासळीची हाक. पायरीवर शेंबगम, डोक्यावर टोपली. चेहऱ्यावर हसू. गुडघ्यांना चिंध्या बांधल्या होत्या.

"हे काय चालवलंयस? मी अपील केलंय ना?"

"अपील तू कर, वेणीम्मा. तोवर मी मासे विकते."

टोपली मी उतरवून घेतली. हलकी होती, आता तेवढीच उचलता येते. मी सगळे मासे घेतले, दिव्यश्रीने फ्रीजमध्ये जागा नाही म्हणून कुरकुर केली. शेंबगमला वर दोनशे देऊ लागले तर तिने मोजून परत केले. कांचीपुरम साडी धुऊन, घडी करून टोपलीच्या तळाशी केळीच्या पानात आणली होती. मासळीचा वास लागू नये म्हणून दोन पानं. तरी लागलाच होता.

कॉफी प्यायली. जाताना म्हणाली, "एक विचारू? तुमच्यात शपथ घातली तर किती दिवस पाळायची असते?"

"जन्मभर," मी म्हटलं. "कां ग?"

"सहज," ती म्हणाली.

१८ नोव्हेंबर

शेंबगम गेली. काल पहाटे पावसात पहिली बस पकडायला निघाली होती. किनाऱ्यावरच्या रस्त्याला पाणी होतं. टोपलीसकट पडली. डोक्याला लागलं. पचैअम्माळने दिव्यश्रीला फोन केला, मला थेट सांगायची तिला हिंमत झाली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. विस्तव कोणी दिला विचारलं, तर पचैअम्माळच्या जावयाने. शेंबगमने एकदा तिला सांगून ठेवलं होतं म्हणे, मुलगा आता कागदावरही नाही, तेव्हा तुझा जावई चालेल.

आणखी काही लिहिवत नाही.

२५ नोव्हेंबर

सरकारने मारलं तिला. दुसरं लिहिण्यासारखं मला काही सुचत नाही. उरलेल्या सव्वीस जणी आहेत, त्यांच्यासाठी तरी उठ, असं दिनकर रोज येऊन सांगतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या त्या फाईलचें काय झालें? म्हणाला, वरच्या अपिलात आदेश झालाय, येईल.

५ डिसेंबर

आली.

दिनकरने पाकीट फोडलं, आधी स्वतः वाचलं आणि मला देईना. "काकू, नंतर वाचा." मी हातातून ओढून घेतलं.

शेरा तीन ओळींचा आहे. उतरवून काढते.

'अर्जदार पडताळणीस रेशमी साडी व खड्यांची कर्णभूषणे परिधान करून उपस्थित. कर्णभूषणांबाबत दोन वेळा विचारणा केली असता स्वतःची असल्याचे तिने सांगितले. निराधार नाही. अपात्र.'

त्याच्या वर एक तक्ता आहे. जमीन, घर, वाहन, मुलगा. मुलाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. त्याचं कोणी विचारलंच नव्हतं.

६ डिसेंबर

रात्रभर तो तक्ता डोळ्यांपुढे होता.

फाईलमधला बाजूने काढलेला फोटो मी दिवसभर समोर ठेवला होता. त्यात कानामागे कापूस दिसतो. माझा कापूस. खड्याच्या मागून पांढरा डोकावतो आहे, नीट पाहिलं तर कोणालाही कळावं की ही कुडी या कानाची नाही. अधिकाऱ्याने पाहिलं नाही. मी आदल्या रात्री घरी काढलेला तिचा फोटो चार महिने अपिलांना चिकटवत होते, मीही पाहिलं नाही.

तिला माहीत होतं. ३० जूनलाच माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर त्याच खुर्चीवर काम झालं असतं. माझी शपथ होती म्हणून बोलली नाही. आंबिलीच्या हंड्याशी सांगायला आली तर मी तिच्या तोंडापुढे शाईचा पॅड धरला. मुलगा मेला असं तिच्याकडून लिहून घेतलं. कशासाठी? ज्या रकान्यात रेघ होती त्यासाठी.

आणि ऑक्टोबरात तिने मला विचारलं होतं, किती दिवस पाळायची. मी म्हटलं, जन्मभर. ही डायरीच सांगते आहे, माझ्याच अक्षरात.

दिव्यश्री रात्री माझ्या खोलीत आली. "अत्तै, तुम्ही चांगलं करायला गेलात," म्हणाली. ती चांगल्या मनाने बोलली. मी तिला जायला सांगितलं.

७ डिसेंबर

कुड्यांची रिकामी डबी काढली, ती कोणाला तरी देऊन टाकायची म्हणून. आत दोन काड्या. वाळून काळ्या पडलेल्या, टोकं घासून गुळगुळीत केलेली. संध्याकाळी लागतील म्हणून ठेवल्या होत्या आणि मी तिला परस्पर बस स्टँडवरून घालवून दिलं.

माझ्या कानात घालून पाहिल्या. भोकं लहान आहेत. गेल्या नाहीत.

८ डिसेंबर

उरलेल्या सव्वीस जणींची सुनावणी. त्यांना कालच निरोप दिला होता, रोज किनाऱ्यावर बसता तशाच या. मी गळ्यात, कानांत काही घातलं नाही. या वेळी मंडळाच्या अध्यक्ष म्हणून मला आत सोडलं.

तोच अधिकारी, तोच चष्मा. मी फोटो पुढे केला, कापूस दाखवला. त्याने फोटो खिडकीजवळ नेऊन पाहिला. मग परत येऊन बसला.

"अम्मा, मला तेव्हाच शंका आली होती," तो म्हणाला. "म्हणून तर दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हटलं, पाटी, दुसऱ्या कोणाच्या असतील तर सांग, मी लिहून घेतो, तुझं काम होईल. ती म्हणाली, माझ्याच आहेत. मी काय करणार?"

त्याच्यावर ओरडायला म्हणून मी सहा महिने शब्द साठवले होते. एकही उपयोगी पडला नाही. मी काड्या काढून टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"कुड्या माझ्या होत्या," मी म्हटलं. "ह्या तिच्या."

त्याने फाईल उघडून पाहिली. नंतर म्हणाला, फाईल तर बंद झाली आहे, अर्जदार मयत. पण तुमचा जबाब घेऊन ठेवतो, बाकीच्यांचं बघताना उपयोगी पडेल. कारकुनाने लिहून घेतलं. सवयीने मी मसुदा तपासला. एकच वाक्य होतं: 'सदर कर्णभूषणे अर्जदाराची नव्हती, ती माझी आहेत.' त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. जूनमध्ये हे एवढंच वाक्य पुरलं असतं, आणि मी चार पानं लिहिली होती.

सही केली. त्याने पुढच्या बाईचं नाव पुकारलं तेव्हा टेबल मोकळं करायला मी काड्या उचलल्या आणि पदराला गाठ मारून ठेवल्या.